होडीत फक्त पानं

श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. चौथा अध्याय लागला की मला दरवर्षी उगाच चुळबुळायला होतं. साधुवाणी होडीत खचाखच माल भरून घरी निघालाय, काठावर देव संन्याशाच्या वेशात उभा, विचारतो बाबा रे होडीत काय आहे, आणि हा हसून म्हणतो काही नाही महाराज, वेली आणि पानं. देव म्हणतो, तुझं म्हणणं खरं होवो. झालं! माल गायब, होडीत नुसता पाला. म्हणजे देव त्याला खोटारडा म्हणत नाही, त्याचं खोटंच खरं करून टाकतो. (देव स्वतः वेश बदलून उभाय त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.) अध्याय संपला की गुरुजी स्कंदपुराणे रेवाखंडे म्हणतात, रेवा म्हणजे नर्मदा, ती आमच्या नंदुरबारच्या वरच्या टोकाला वाहते, त्यामुळे हा वाणी मला कायम ओळखीतलाच वाटत आलाय.

यंदा तर फारच, कारण यंदा वाणी मी होतो.

झालं असं की आईची बायपास झाली आणि महिन्याभरात सुरतला नानामामा, आईचा भाऊ, वारला. डॉक्टर म्हणाले एवढ्यात धक्का नको, मग घरात ठरलं की सांगायचं नाही, आणि फोन माझ्याच हातात असायचा म्हणून खोटं बोलायचं खातंही माझ्याकडेच आलं. आई रोज विचारायची, "भाऊ, नानाना फोन काब्र लागत नई रे?" मी म्हणायचो बिघडलाय, दुकानात टाकलाय, पार्ट यायचाय. तो पार्ट मी महिन्याहून जास्त आणवत होतो.

मामाला जाऊन आठवडा होतो न होतो तोच आखाजी आली. आमच्याकडे अक्षय तृतीयेला घागर भरतात आणि उंबरठ्यावर गेलेल्या माणसांची नावं घेत कुंकवाचं एकेक बोट ओढतात. मी आजोबांचं ओढलं, आजीचं ओढलं, मोठ्या काकांचं ओढलं, आणि बोट परत कुंकवात गेलं. आई मागं खुर्चीत बसून बघत होती. मी ते बोट रुमालाला पुसलं. मग खापरावरची पुरणपोळी आणि आमरस, आईनं दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा पोटभर खाल्लं, आम्हाला बरंही वाटलं आणि घास पण उतरेना.

त्या दिवसांत मी वकिलासारखा पुरावे गोळा करत फिरत होतो की बुवा धर्मात आपल्याला कुठे सूट आहे का. सूट तशी बरीच आहे. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो, कायम खरंच बोलायचं असं व्रत घेतलेला तपस्वी, दरोडेखोरांनी विचारलं माणसं कुठं पळाली आणि यानं खरं तेच सांगितलं, माणसं मारली गेली आणि हा नरकात गेला. ही गोष्ट मी दोन दिवस छातीशी धरून हिंडलो. शिवाय एकचक्रानगरी म्हणजे आमचं एरंडोल असं इकडं मानतात, तिथं पांडव ब्राह्मण बनून भिक्षा मागत राहिले, पुढे विराटाकडे तर खुद्द धर्मराज वर्षभर कंक नावानं बसला होता. नरो वा कुंजरो वा म्हटल्यावर त्याचा रथ जमिनीला टेकला, या सगळ्या नावबदलीला मात्र चार बोटं वरच राहिला!

रावेरकडचा माझा एक केळीवाला मित्र आहे, मुसलमान, तो म्हणाला आमच्यात पण हदीस आहे, दोन माणसांत समेट घडवायला जो चांगलं काहीबाही बोलतो तो खोटारडा नाही. मी खूश. मग तोच म्हणाला, पण तू कोणाचं भांडण मिटवतोय? ऑफिसातल्या एकाला विचारलं, तो रोज पंचशील म्हणतो, मुसावादा वेरमणी, म्हणजे खोटं बोलणार नाही, त्यात पुढं 'पण' वगैरे काही नाहीच. आणि मनूचा श्लोक, अप्रिय सत्य बोलू नये, हा तर आम्ही सगळे एकमेकांना ऐकवत होतो, पण त्याच श्लोकाची पुढची ओळ, प्रिय असलं तरी खोटं बोलू नये, ती घरात एकालाही पाठ नव्हती. सोयीचं तेवढंच पाठ असतं आपल्याला.

कौशिकाचंही नंतर नंतर पटेना. दरोडेखोरांपासून लपवणं वेगळं, आई काय दरोडेखोर होती का? भाऊ तिचा, बातमी तिची, आणि आम्ही ती दाबून बसलेलो.

शेवटी जेठात सांगितलं, डॉक्टरांना विचारून, बीपी वगैरे बघून. आई आधी रडलीच नाही. नुसती म्हणाली, "मना भाऊ गया अन् मी पुरणपोळी खादी?" बस्स एवढंच, आणि त्यावर आमच्याकडे कुठलाच श्लोक नव्हता. गुरुजींना फोन केला तर कळलं शास्त्रात उशिरा कळलेल्या मरणाचीही सोय आहे, ऐकल्यावर आंघोळ करायची. पूर्वी सुरतहून निरोप यायलाच महिना लागत असेल. पण तेव्हा निरोप वाटेत अडकायचा, इथं तो आमच्या खिशात होता. आईनं आंघोळ केली, त्या दिवशी जेवली नाही, आणि पुढं बरेच दिवस मी काहीही सांगितलं की हिला विचार, त्याला विचार असं करून खात्री करून घ्यायची. चहात साखर टाकली म्हटलं तरी.

तर सत्यनारायण. आरती झाली, शेजारच्या मावशींनी शिऱ्याचा द्रोण हातात घेतला आणि सगळ्यांसमोर विचारलंच, तुमचा भाऊ गेला आणि आखाजीला तर तुमच्या घरून पुरणाचा वास येत होता? मी तीर्थाची पळी घेऊन तिथंच उभा.

"नाना त आखाजीनंतर गया, माय," आई म्हणाली, आणि त्यांच्या द्रोणात तुळशीचं पान ठेवलं. मी मावशींच्या हातावर तीर्थ घालायला गेलो ते अर्धं साडीवरच सांडलं.