आकडा म्हणाला ९४

त्या रात्री कॅज्युअल्टीत मी एकटीच डॉक्टर होते. खोकला-तापाने आलेल्या एक बाई, पन्नाशीच्या, वर्ण चांगलाच काळा. बोटाला ऑक्सिमीटर लावला. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी: ९४. आमचा नियम सोपा होता. ९२ च्या खाली असेल त्याला आधी ऑक्सिजन, बाकीचे थांबतील. बाईंना बाकावर बसवलं.

त्यांचा मुलगा दोनदा येऊन म्हणाला, "मॅडम, आई नीट बोलत नाहीये हो." दोन्ही वेळा मी लांबूनच आकडा पाहिला. "सॅच्युरेशन चांगलं आहे, घाबरू नका." तिसऱ्यांदा तो आलाच नाही, तेव्हा मनात पाल चुकचुकली आणि मी उठले.

नाव विचारलं. बाईंनी नाव सांगितलं, थांबून श्वास घेतला, मग आडनाव. घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले: ३४. नाकपुड्या फुलत होत्या, मानेचे स्नायू ओढले जात होते, आणि यंत्र आपलं ९३ वर निवांत. यंत्र चुकायची नेहमीची कारणं पाहिली: बोटं गरम, नेलपॉलिश नाही. बोट बदललं, तरी तेच. शेवटी मनगटातून धमनीचं रक्त काढलं. रिपोर्टवर सॅच्युरेशन ८६. लगेच ऑक्सिजन लावला.

हे यंत्र लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश बोटातून आरपार सोडतं आणि किती शोषला गेला त्यावरून अंदाज बांधतं. त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं, ते गणितात नीट धरलेलं नाही. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी आकडेच मांडले होते. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतलं सॅच्युरेशन ८८ च्या खाली निघालं, ते गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के तपासण्यांत आणि कृष्णवर्णीयांच्या ११.७ टक्के. मी ते वाचलं होतं. 'महत्त्वाचं' म्हणून चार जणांना पुढे पाठवलंही होतं! पण माझ्यासमोरच्या बोटापर्यंत ते पोचलं नव्हतं.

बाई सहा दिवसांनी घरी गेल्या.

सकाळी हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, मी सांगितलं, नुसत्या आकड्यावर कुणाला थांबवायचं नाही. एक सीनियर म्हणाले, "मग काय सगळ्यांचं धमनीतलं रक्त काढणार?" नाही सर, सगळ्यांचे श्वास मोजणार. त्यावर त्यांनी, ते तर आपण मोजतोच की, म्हणून आदल्या दिवसाचे कागद पुढे सरकवले. श्वासांच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे २०. बाईंच्या कागदावरही २०, माझ्या अक्षरात.