काळी ट्रंक आणि ३६५ तारखा

मी फौजेत क्लार्क होतो. हवालदार म्हणून पेन्शनीवर आलो तेव्हा वाटलं, सुटलो बुवा कागदांतून. पण आमच्या सुभेदार मेजर साहेबांनी वीरनारी आणि माजी सैनिकांच्या मुलांसाठी ट्रस्ट काढला आणि पहिल्याच बैठकीत माझ्याकडे बोट केलं, "खजिनदार हा." साहेबांना नाही म्हणायची सवय सिव्हिलमध्ये येऊन पाच वर्षं झाली तरी मला लागली नव्हती.

काम तसं साधं. अकरा मुलं बाहेरगावी वसतिगृहात राहून शिकत होती, त्यांचा राहण्या-जेवणाचा खर्च उचलायचा. "सरकार देतं की सगळं!" हे वाक्य तेव्हापासून मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याचं तोंड उघडलं की कळतं. योजना आहेत, चांगल्या आहेत, त्यांचे फॉर्मही आम्हीच भरून देतो. पण फी भरायची तारीख आधी येते आणि मंजुरी नंतर. मधले महिने आमचे.

पैसे जमवायला पहिल्या वर्षी आम्ही तेच केलं जे सगळे करतात. देशभक्तिपर गाण्यांचा कार्यक्रम. हॉल, साउंड, वाद्यवृंद, बॅनर मिळून खर्च ८२ हजार. तिकिटं आणि देणग्या मिळून ९१ हजार. उरले ९ हजार, आणि त्यासाठी दोन महिने दहा माणसं पळत होती. त्यातही एक गोष्ट पैशांपेक्षा जास्त लागली. एका वीरनारी वहिनींना आम्ही स्टेजवर बोलावलं, शाल-श्रीफळ दिलं, निवेदकानं त्यांच्या मिस्टरांचा शेवटचा दिवस सगळा सांगितला. मागे बासरी. लोक डोळे पुसत होते, वहिनी जमिनीकडे बघत होत्या. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या रचता रचता म्हणाल्या, "भाऊ, पुढच्या वेळी मला खुर्च्या उचलायला बोलवा. स्टेजवर नको."

मी हे बैठकीत जसंच्या तसं सांगितलं. साहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लिहून घे." इतिवृत्तात ठराव आहे आमच्या: कुटुंबाला स्टेजवर आणायचं नाही, फोटो आणि गोष्ट त्यांच्या लेखी संमतीशिवाय वापरायची नाही, आणि दिलेली संमती कधीही मागे घेता येईल.

दुसरी चूक डिसेंबरात. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, १९४९ पासून. आम्हाला वाटलं, लोकांच्या मनात सैनिक असतोच त्या दिवशी, आपणही पेट्या घेऊन उभं राहावं. पण ध्वजदिनाचा निधी सरकारी, तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गोळा होतो. लोक म्हणाले, "आम्ही ऑफिसातून दिला की." काहींना आम्ही त्याच नावाखाली वेगळीच पेटी फिरवतोय असंही वाटलं, आणि त्यांचं चुकलं नाही. तेव्हापासून डिसेंबरचा पहिला पंधरवडा आम्ही काहीच मागत नाही. कुणी विचारलं तर ध्वजनिधीला द्या म्हणतो.

ट्रंकची कल्पना साहेबांच्या सूनबाईंची. घरात जागा होत नाही म्हणून त्या सासऱ्यांची ट्रंक भंगारात द्यायला निघाल्या होत्या. फौजीच्या घरात ती असतेच: काळी, लोखंडी, वर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. बढती झाली की जुनी रँक खरवडून नवी लिहायची, त्यामुळे तेवढीच जागा खडबडीत. सूनबाईंनी देण्याआधी उघडून बघितली आणि दुपारभर तिथेच बसल्या. संध्याकाळी मला फोन, "काका, हे लोकांना दाखवायला हवं."

एका शाळेचा हॉल रविवारी फुकट मिळाला. चौदा घरांनी ट्रंका आणल्या. काय ठेवायचं, काय काढून घ्यायचं, हे घरच्यांनी ठरवायचं. शौर्य, बलिदान असले शब्द कार्डावर नकोत, वस्तूचं नाव पुरे. मच्छरदाणी, तामचिनी मग, बुटांचं पॉलिश वाळून दगड झालेलं, डांबरगोळ्यांचा वास. आणि पत्रं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात गाव नाही, फक्त युनिट आणि ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. एका पत्रासमोर दिवसभर गर्दी होती. त्यात लिहिलं होतं, "विजेच्या मीटरचं रीडिंग तू स्वतः लिहून ठेव, मागच्या खेपेला जास्त लावलंय. छोट्याला सांग, सायकल आल्यावर बघू." लोक आधी हसत आणि मग खालची तारीख वाचत. निवेदकाची गरजच नव्हती.

दाराजवळ माझं टेबल. क्यूआर कोड, पावतीपुस्तक आणि एक यादी: वसतिगृहाचा महिना, परीक्षेला जायचं भाडं, चष्मा. ट्रंक कुणाची आणि गरज कुणाची, याचा संबंध मुद्दाम तोडलेला. खर्च झाला चहाचा आणि छपाईचा. जमलं गाण्यांच्या कार्यक्रमाच्या दुपटीहून थोडं जास्त. पण मला खरा फायदा वाटला तो १६० फोन नंबरांचा, लोकांनी आपणहून लिहून दिलेल्या.

त्या नंबरांवर पुढचं उभं राहिलं. हिशेब मांडला: अकरा मुलांचा एका दिवसाचा खर्च १,६५० रुपये. वर्षाचे ३६५ दिवस. मग दिवसच द्यायचे लोकांना. भिंतीवर मोठं कॅलेंडर, जी तारीख घ्याल तिच्यात तुमचं नाव. वाढदिवस, लग्नाचा दिवस जाईल हा आमचा अंदाज होता. प्रत्यक्षात पहिले धावले माजी सैनिक, आणि फौजी माणसाला लग्नाची तारीख आठवो न आठवो, भरतीची आणि डिस्चार्जची पाठ असते. पेन्शनीवर महिनाअखेरीस येतात सगळे, त्यामुळे ३० आणि ३१ तारखांवर अक्षरशः भांडणं. शेवटी एका तारखेत दोन नावं मान्य केली.

मोठ्या कंपन्यांकडेही गेलो. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या परिशिष्टात माजी सैनिक, युद्धविधवा आणि त्यांच्यावर अवलंबून असणारे यांचा उल्लेख आहे, हे पाठ करून गेलो होतो. पण सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या पैशांतलं, काम मिळायला संस्थेला तीन वर्षांच्या कामाचा अनुभव आणि सीएसआर-१ या फॉर्मची नोंदणी लागते. आमची दोन वर्षं. एका कंपनीतल्या बाई सरळ होत्या. म्हणाल्या, "तुमचं कॅलेंडर आमच्या कँटीनमध्ये लावा." २३ तारखा गेल्या तिथे.

आता माझा विभाग, म्हणजे कागद. नव्यानं सुरू करणाऱ्यांनी हे आधी वाचावं. ८०जी ची, म्हणजे देणाऱ्याला आयकरात वजावट मिळण्याची, मान्यता संस्थेकडे असली तरी दोन हजारांवरची देणगी रोखीत घेतली तर देणाऱ्याला वजावट मिळत नाही. आमची तारीख १,६५० ची, त्यामुळे वाचलो, ठरवून नव्हे. जो नव्या करप्रणालीत आहे त्याला ही वजावटच नाही, तेव्हा "टॅक्स वाचेल" हे आमिष सगळ्यांना लावू नका, तोंडघशी पडाल. आणि पावती फाडतानाच पॅन किंवा आधार नंबर घ्या. ट्रंकांच्या रविवारी मी तो घेतला नव्हता. गर्दीत, भावनेच्या भरात नंबर कसा मागायचा, असं वाटलं. देणग्यांचं विवरण, १०बीडी, ३१ मेपर्यंत भरावं लागतं, त्यावरून देणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं. सगळा मे महिना मी एकेकाला फोन करून "साहेब, पॅन नंबर सांगता का" विचारत होतो. तिघांनी मला सायबर चोर समजून फोन आपटला, एकानं पोलिसांत देतो म्हणून सांगितलं. तो निवृत्त सुभेदार होता. नंतर ट्रंक घेऊन तोच आला.

यंदाचं कॅलेंडर जवळजवळ भरलंय. वहिनी खरोखरच खुर्च्या लावायला येतात आणि तारखा लिहायचं कामही त्यांच्याकडे आहे, कारण माझं अक्षर क्लार्कचं असूनही त्यांना पसंत नाही. ३१ मे कुणीतरी मागितली होती. त्यांनी परस्पर सांगून टाकलं, "ती खजिनदारांची आहे," आणि माझ्याकडून १,६५० घेऊन पावती फाडली. पॅन नंबर आधी विचारला.