हरवलेलं सेस्ना, चार बोटं सूर्य आणि नॉरफोक बेट

२० डिसेंबर

‘मर्सी मिशन: द रेस्क्यू ऑफ फ्लाइट ७७१’ हा १९९३ चा अमेरिकी दूरचित्रवाणीपट. स्कॉट बाकुला एका छोट्या विमानाचा वैमानिक झाला आहे आणि रॉबर्ट लोजिया प्रवासी विमानाचा कॅप्टन. पॅसिफिकवर वाट चुकलेल्या एकट्या माणसाला प्रवासी विमानाने शोधून काढल्याची ही गोष्ट खरी आहे. उड्डाणाचा क्रमांक मात्र बदलला आहे. खरं उड्डाण एअर न्यूझीलंडचं १०३, फिजीतल्या नांदीहून ऑकलंडला निघालेलं डीसी-१०. घटना डिसेंबर १९७८ मधली, नाताळच्या ऐन तोंडावरची.

नाट्यपटाला चेहरे लागतात, त्यामुळे अशा कथेत धैर्य पुढे येतं आणि हिशोब मागे पडतो. माझं मन मात्र त्या हिशोबातच अडकलेलं आहे. रडारवर न दिसणारं एक विमान, खाली पाणी, वर मावळतीकडे चाललेला सूर्य, आणि हाताशी रेडिओ, घड्याळ, होकायंत्र आणि बोटं. एवढ्या सामग्रीवर त्या संध्याकाळी जे काम झालं, ते पायरी-पायरीने लिहून ठेवायचं आहे.

आधी बिघाडाबद्दल. जे प्रॉक्नाऊ हे अमेरिकी नौदलातले माजी वैमानिक. सेस्ना १८८ हे पिकांवर फवारणी करायचं एका आसनाचं विमान ते अमेरिकेतून ऑस्ट्रेलियाला पोचवत होते. त्यांच्याबरोबर तसंच दुसरं विमान होतं. ते अमेरिकन सामोआतल्या पागो पागोहून उडतानाच कोसळलं. त्यातला वैमानिक वाचला, पण पुढचा टप्पा प्रॉक्नाऊंना एकट्याने करावा लागला. पागो पागो ते नॉरफोक बेट हे अंतर जवळपास १,५०० सागरी मैल. ताशी शे-सव्वाशे सागरी मैलांच्या वेगाने बारा ते पंधरा तास. आणि पोचायचं कुठे, तर जेमतेम आठ किलोमीटर लांब आणि पाच किलोमीटर रुंद बेटावर, ज्याचा सगळ्यात उंच डोंगर ३१९ मीटरचा.

अशा प्रवासात मुख्य आधार एडीएफचा, म्हणजे ऑटोमॅटिक डायरेक्शन फाइंडरचा. बेटावरचं बीकन सतत लहरी सोडतं आणि विमानातला काटा त्या दिशेला वळतो. प्रॉक्नाऊंच्या विमानातला हाच काटा सैल होऊन सरकला होता, हे नंतर कळलं. तो दाखवत होता ती दिशाच चुकीची होती. या यंत्राची एक खोड जुन्या वैमानिकांना चांगली ठाऊक असते. बिघडलं तर ते लाल झेंडी दाखवत नाही. लहरी मिळत नसल्या तरी काटा कुठेतरी बोट दाखवत राहतो. म्हणून बीकनचा मोर्स संकेत कानाने ऐकत राहायचा, आणि उडण्याआधी धावपट्टीवर उभं असताना ठाऊक असलेल्या बीकनकडे काटा नेमका वळतो की नाही हे होकायंत्राशी ताडून पाहायचं. सैल काट्याचा धोका असा की मोर्स संकेत अगदी स्वच्छ ऐकू येतो, वैमानिक निर्धास्त होतो, आणि दिशा तेवढी खोटी असते.

चूक किती वाढते? साठ मैलांमागे एक अंशाला एक मैल, हा साधा नियम. १,५०० मैलांवर एक अंशाची चूक म्हणजे २५ मैल. दहा अंशांची चूक म्हणजे अडीचशे मैल. बेट यायला हवं त्या वेळी खाली नुसतं पाणीच दिसलं, यात नवल नाही. प्रॉक्नाऊंनी इतर बेटांची बीकनंही लावून पाहिली. पण काटाच खोटा असल्यावर बीकन बदलून काय होणार?

इथे इंग्रज वैमानिक फ्रान्सिस चिचेस्टर आठवतात. १९३१ मध्ये त्यांनी जिप्सी मॉथ हे छोटं विमान न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाला नेलं आणि वाटेत हेच नॉरफोक बेट गाठलं. एकट्याने, विमान हाकता हाकता सेक्स्टंटने, म्हणजे कोन मोजायच्या उपकरणाने, सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजत. त्यांची युक्ती अशी की नेम बेटावर धरायचाच नाही, मुद्दाम एका बाजूला धरायचा. मग सूर्याच्या मापावरून आपण बेटाच्या रेषेत आलो असं कळलं की ठरल्या बाजूला वळायचं. नेम थेट बेटावर धरला आणि बेट दिसलं नाही, तर डावीकडे शोधायचं की उजवीकडे, हे कळतच नाही. मुद्दाम चुकवला की तो प्रश्न उरत नाही. सेक्स्टंट नसलेल्या एकट्या वैमानिकाला ही पद्धत जशीच्या तशी वापरता येत नाही हे खरं. पण सूर्याला विचारून रेषा मिळवायची ही कल्पना पुढे त्याच समुद्रावर कामी आली.

२१ डिसेंबर

डीसी-१० वर कॅप्टन गॉर्डन व्हेट, सहवैमानिक आर्थर डोव्ही, फ्लाइट इंजिनिअर गॉर्डन ब्रूक्स आणि ८८ प्रवासी. ऑकलंडच्या नियंत्रण कक्षाने मदत मागितली तेव्हा व्हेट यांच्या गाठीला एक जास्तीची गोष्ट होती: ते परवानाधारक नॅव्हिगेटर, म्हणजे विमानाची जागा आणि मार्ग काढणारे, होते. तोवर जेट विमानांतून नॅव्हिगेटरची जागा विमानाची हालचाल मोजून ठिकाण सांगणाऱ्या जडत्वमापी यंत्रांनी घेतली होती. त्याच विमानात माल्कम फोर्सिथ नावाचे आणखी एक नॅव्हिगेटर प्रवासी म्हणून बसले होते. परिस्थिती कळताच ते पुढे आले.

पहिली पायरी: दोन्ही विमानांनी नाक सूर्याकडे वळवायचं आणि होकायंत्राचा आकडा सांगायचा. दोघांच्या आकड्यांत चार अंशांचा फरक निघाला, म्हणजे दोघांना सूर्य किंचित वेगळ्या दिशेला दिसत होता.

दुसरी पायरी बोटांची. हात पूर्ण लांब करायचा, तळवा आडवा धरायचा, करंगळी क्षितिजाला टेकवायची आणि सूर्यापर्यंत किती बोटं बसतात ते मोजायचं. प्रॉक्नाऊंना चार बोटं भरली, व्हेट यांना दोन. लांब केलेल्या हाताचं एक बोट साधारण दोन अंशांचं. एकाच क्षणी ज्याला सूर्य जास्त वर दिसतो, तो सूर्याच्या जास्त जवळ, म्हणजे दुपारनंतर जास्त पश्चिमेला. सेस्ना डीसी-१० च्या पश्चिमेकडे आहे, हे ठरलं. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, या हिशोबाने अंतराचाही अंदाज बांधता येतो. पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. बोटांची जाडी आणि हाताची लांबी माणसागणिक वेगळी, आणि ३३,००० फुटांवरून क्षितिज जवळजवळ तीन अंश खाली सरकलेलं दिसतं, त्यामुळे सूर्य उगाच वर वाटतो. बोटं बाजू सांगतात, मैल सांगत नाहीत.

चौल-दाभोळला येणारे अरब खलाशी ध्रुवाची उंची बोटांतच मोजायचे. त्यांचं एक बोट साधारण दीड अंशाहून थोडं जास्त. जेटयुगातल्या कॅप्टनने तेच माप काढलं, याचा मला फार आनंद वाटतो.

तिसरी पायरी आवाजाच्या वर्तुळाची. व्हीएचएफ रेडिओ सरळ रेषेत चालतो, पृथ्वीच्या गोलाईपलीकडे जात नाही. पल्ला काढायचा हिशोब सोपा: दोन्ही विमानांच्या फुटांतल्या उंचीची वर्गमुळं काढून बेरीज करायची आणि १.२३ ने गुणायचं. समजा मोठं विमान ३३,००० फुटांवर आणि लहान ५,००० फुटांवर आहे, तर २२३ अधिक ८७, म्हणजे सुमारे ३१० सागरी मैल. हा कागदावरचा पल्ला. प्रत्यक्षात लहान विमानाचा ट्रान्समीटर आणि अँटेना बेताचे असतात, म्हणून तो कमीच धरायचा.

लहान विमान एका जागी घिरट्या घालत राहतं. मोठं विमान सरळ जातं. आवाज पहिल्यांदा ऐकू येतो तिथे नकाशावर खूण, तुटतो तिथे दुसरी खूण. मग वळून दुसऱ्या रेषेने पुन्हा आत शिरायचं, पुन्हा दोन खुणा. या जोड्या म्हणजे एका मोठ्या वर्तुळाच्या जीवा. प्रत्येक जीवेच्या मध्यावर काटकोनात रेघ ओढली की रेघा जिथे मिळतात तिथे वर्तुळाचा मध्य, आणि मध्यावर हरवलेला माणूस. शाळेतली भूमिती, पण ती नीट करायला पथ्यं पाळावी लागतात. दोघांनीही उंची बदलायची नाही, नाहीतर वर्तुळच लहान-मोठं होतं. रेडिओचा स्क्वेल्च, म्हणजे क्षीण आवाज गाळायची पातळी, एकदा ठरवला की हलवायचा नाही, नाहीतर आवाज तुटण्याची जागा सरकते. लहान विमानाने सारखं बोलत राहायचं, कारण शांतता म्हणजे पल्ला संपला की बोलणं थांबलं, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. आणि घिरट्या घालणारं विमान वाऱ्याबरोबर वाहतं, तेवढा मध्य सरकवायचा.

डीसी-१० ने इंधन सोडून आकाशात पांढरा पट्टाही ओढला आणि प्रवाशांना खिडक्यांतून पाहायला सांगितलं. काहीच दिसलं नाही. समुद्रावर दहा-वीस मैलांवरचं छोटं विमान दिसणं हे नशिबाचं काम, आणि उतरत्या उन्हात तर फारच.

चौथी पायरी सूर्यास्ताची. माझ्या मते सगळ्यात देखणी. प्रॉक्नाऊंनी सूर्याची वरची कड क्षितिजाखाली गेली तो क्षण सांगितला. नॉरफोक बेटावरचा सूर्यास्त कधी, हे तिथून कळलं. उंचीची दुरुस्ती करून दोन्ही वेळा समुद्रसपाटीवर आणल्या तेव्हा फरक निघाला साडेबावीस मिनिटांचा. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. साडेबावीस मिनिटं म्हणजे ५.६ अंश. नॉरफोकच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे ५२ सागरी मैलांचा, म्हणून सेस्ना बेटाच्या पूर्वेला साधारण २९० मैल.

ती उंचीची दुरुस्ती विसरली तर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. डिसेंबरात त्या अक्षांशावर ३३,००० फुटांवरून सूर्यास्त समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पंधरा मिनिटं उशिरा दिसतो. नुसत्या २,००० फुटांवरूनही साडेतीन-चार मिनिटांचा फरक पडतो, म्हणजे जवळपास पन्नास मैलांची चूक. आठ किलोमीटरचं बेट शोधणाऱ्याला पन्नास मैल म्हणजे सगळंच.

आणखी एक खोच. सूर्यास्ताची वेळ एक बिंदू देत नाही, एक रेषा देते, आणि ती रेषाही उत्तर-दक्षिण नसते. दक्षिण गोलार्धातल्या ऐन उन्हाळ्यात सूर्य पश्चिमेच्या बराच दक्षिणेला, त्या अक्षांशावर सुमारे २७ अंश सरकून मावळतो. त्यामुळे एकाच क्षणी सूर्यास्त पाहणाऱ्या ठिकाणांची रेषा वायव्येकडून आग्नेयेकडे तिरकी जाते. विमान नॉरफोकच्या अक्षांशापासून शंभर मैल दक्षिणेला असेल, तर या तिरकेपणाने जागा पन्नास मैल पूर्वेला सरकते. म्हणून सूर्यास्ताची रेषा आवाजाच्या वर्तुळावर ठेवायची. एकट्या मापावर कुणी विमान वळवू नये. अपुऱ्या चार मापांनी समुद्राचा तुकडा चारदा लहान केला, आणि बचावाचा प्राण त्यात होता.

२२ डिसेंबर

अंधार पडल्यावर प्रॉक्नाऊंना खाली दिवे दिसले. ‘पेनरॉड’ हा तेलविहिरीचा तरंगता मनोरा न्यूझीलंडहून सिंगापूरला ओढून नेला जात होता. त्याची जागा आणि आधी काढलेली जागा यांत थोडी तफावत होती. पण आता पाण्यावर एक खरी खूण मिळाली होती आणि तिथून नॉरफोकची दिशा काढता येत होती.

पुढचा निर्णय सोपा नव्हता. दिव्यांजवळ पाण्यावर उतरलं तर माणसं जवळ असतात. पण सेस्ना १८८ ची चाकं पक्की, आत न घेता येणारी, ती पाण्यात रुतली की विमान नाकावर उलटतं. रात्री पाण्याची उंची डोळ्यांना कळत नाही. दुसरा पर्याय, उरलेल्या इंधनावर बेट गाठायचं. एका इंजिनच्या विमानात इंधन पुरवायची रीत अशी: वेग कमी, आणि इंधन-हवेचं मिश्रण पातळ करत न्यायचं. इंजिन खडखडायला लागलं की किंचित घट्ट करून तिथेच ठेवायचं. घाई केली की टाकी आधी संपते आणि बेट नंतर येतं. प्रॉक्नाऊ २३ तास ५ मिनिटं हवेत राहून नॉरफोकवर उतरले.

व्हेट यांच्या निर्णयाकडे मी पुन्हा पुन्हा वळते. पाठीमागे ८८ माणसं होती. त्यांचं इंधन, उतरायची जागा आणि अंधार, हे सगळं जपून शोध घ्यायचा होता. प्रवाशांना काय चाललंय ते सांगून टाकणं मला फार योग्य वाटतं. गुपचूप घिरट्या घातल्या असत्या तर भीती पसरली असती. खिडकीशी बसवून पाहायला लावलं, तेव्हा तेही कामाला लागले. विमान बनवणाऱ्या मॅक्डॉनल डग्लस कंपनीने या वैमानिकांचा गौरव केला, तो उचितच होता.

त्यानंतर वर्षभराच्या आतच, २८ नोव्हेंबर १९७९ ला, एअर न्यूझीलंडचंच डीसी-१०, उड्डाण ९०१, अंटार्क्टिकात एरेबस पर्वतावर आदळलं. २५७ जण गेले, एकही वाचला नाही. मार्गाचे अक्षांश-रेखांश आदल्या रात्री संगणकात बदलले गेले होते आणि ते वैमानिकांना सांगितलं नव्हतं. सैल काट्याप्रमाणे इथेही यंत्राने आत्मविश्वासाने विमान वैमानिकांना वाटत होतं त्यापेक्षा वेगळ्या वाटेवर नेलं. पहिल्या सरकारी अहवालाने वैमानिकांनाच जबाबदार धरलं. व्हेट गप्प बसले नाहीत. ढगाखालच्या विखुरलेल्या प्रकाशात बर्फाचा चढ सपाट पठारासारखा दिसतो, उतार डोळ्यांना कळत नाही, हवा स्वच्छ असली तरी पुढचा पर्वत दिसत नाही, या दृष्टिभ्रमाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. कॉकपिटमधल्या माणसांना समोर काय दिसत होतं, हा त्यांचा प्रश्न होता. न्यायमूर्ती पीटर मॅहन यांच्या १९८१ च्या अहवालाने वैमानिकांवरचा ठपका पुसला, आणि त्यात व्हेट यांच्या या कामाचा मोठा आधार होता.