१ पडला, पण लोड नाही केलं

आज दिवसभर बाल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेम खेळत होतो आणि अजून डोक्यातून जात नाहीये. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे मित्रांनी टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत फाशांनी खेळायचा खेळ, त्याच्या पाचव्या आवृत्तीचे नियम बऱ्यापैकी तसेच घेतलेत, तो २० बाजूंचा फासा स्क्रीनवर गडगडतो ना तेव्हा खरंच श्वास रोखला जातो. गॉब्लिनांना (छोटे राक्षस) बोलण्यात गुंडाळायला गेलो, फाशाच्या आकड्यात मिळवायचे बोनस भरपूर होते, आणि पडला १! मग बोनस कितीही असू दे, फेलच. लढाई पेटली, दोन साथीदार आडवे झाले, पण आधी सेव्ह केलेला गेम लोड करून मागे नाही गेलो मी, कारण त्या फसण्यातूनच गोष्ट अशी वळली की आजचा सगळ्यात भारी भाग तोच वाटला.

पण सगळंच आवडलं असं नाही हां. सामान आवरण्यात फार वेळ जातो, शत्रू जास्त असले की आपली पाळी येईपर्यंत कंटाळा येतो, आणि आपल्या पात्राची लेव्हल १२ लाच थांबते, टेबलावर २० पर्यंत जाता येतं. शिवाय टेबलावर गोष्ट चालवणारा डंजन मास्टर असतो, आपण काहीही वेडं सुचवलं तरी तो वाट काढतो, इथे आधी लिहून ठेवलंय तेवढंच. तरी कॅम्पमध्ये कार्लाक या साथीदार पात्राशी बोलताना गळा दाटून आला माझा. उद्या परत तिथूनच.