ठिगळाखाली भोक नव्हतं

मी जुन्या साड्या वाचवते. रफू करायचा, मागून नेट लावायची, झिजलेला काठ उतरवून नव्या अंगावर चढवायचा, असं काम. गेल्या काही वर्षांत मात्र सगळ्यात जास्त मागणी आहे ती पणजीच्या शालूचा लेहंगा करून देण्याला. माझा हात त्यात आखडतो, कारण एकदा कात्री लागली की परत साडी होत नाही. पण दुकान चालवायचं तर गिऱ्हाइकाला ‘नको’ तरी किती वेळा म्हणणार?

त्या दिवशी सांगलीकडची एक मुलगी आणि तिचे काका पत्र्याची ट्रंक घेऊन आले. मुलीचं लग्न ठरलं होतं. ट्रंकेत पणजीचे कपडे आहेत, एवढंच दोघं सांगत होते. सगळ्यात वर डाळिंबी बनारसी शालू निघाला. काठातून सुटलेला धागा मी चिमट्यात धरून जाळून पाहिला. आतलं रेशीम केस जळल्यासारखा वास सोडून गेलं आणि चांदीची बारीक तार उरली. जर खरी होती. काकांचा चेहरा खुलला. जुनी जर घेणारे दारावर येतात, चांदीच्या भावाने पैसे देतात आणि साडी भट्टीत घालतात, त्यामुळे असा शालू अख्खा हातात येणं हल्ली दुर्मिळच.

शालूखाली एक सुती लुगडं होतं, विटलेलं निळं, ठिकठिकाणी ठिगळं लावलेलं. ‘गरिबीतले दिवस,’ काका म्हणाले. मी सवयीने कापड उलटं केलं. ठिगळ लावतात ते फाटलेल्या जागी, त्यामुळे मागून भोकाची कड दिसते, ती दुमडून टाचलेली असते. इथे मागे काहीच नव्हतं. सलग, धड, न विरलेलं कापड, आणि त्याच्यावर ठिगळाच्या धावदोऱ्याचे टाके. दुसरं ठिगळ पाहिलं, तिसरं पाहिलं. एकाही ठिगळाखाली भोक नव्हतं. शिवाय रंग! निळ्यावर लाल, पिवळं. घरातली बाई ठिगळ लावते ते शक्यतो दिसू नये म्हणून. हे लांबून दिसावं म्हणून लावलेलं होतं.

मग तळाशी मखमलीचं पोलकं सापडलं. जांभळं, लांब बाह्यांचं, मनगटाशी लेस. अशी पोलकी 1910-20 च्या फोटोंत दिसतात, तेव्हा ते मला जुनं म्हणून नवल वाटलं नाही. पण टेबलावर पसरलं आणि खांदाच बसेना. टेप लावली तर खांदा सतरा इंच. पाठ रुंद, मुंढा खोल, बाही माझ्या बोटांच्या टोकांपर्यंत. पणजी उंच असेल म्हणावं, तर कमरेपाशी ते अंगात ओढून घेतलेलं, आणि छातीला आतून मांजरपाटाचे दोन खिसे, त्यांत कापसाच्या गाद्या, चारी बाजूंनी पक्क्या टाचलेल्या. हूक पुढे नव्हते, पाठीला होते. म्हणजे घालणाऱ्याला एकट्याने घालता येणार नाही, पण मागे माणूस उभा असेल तर झटक्यात काढता-घालता येईल.

बगलेच्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, भरपूर ठेवलेली. जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रेषा मखमलीवर अजून दिसत होत्या: एकीच्या बाहेर दुसरी, दुसरीच्या बाहेर तिसरी. घालणारा पोरगेला होता तेव्हा शिवलेलं, आणि तो अंगाने भरत गेला तसतसं उसवून सोडलेलं. गळ्याच्या आतल्या कडेला पांढरट, किंचित पिवळसर थर बसला होता, नखाने खरवडला तर भुकटी होणारा. सफेदा आणि पिवडी. जुन्या नाटकवाल्यांचा रंग.

‘हे पुरुषाच्या मापाचं आहे,’ मी म्हटलं.

काका टेपकडे बघत राहिले. त्यांना माहीत होतं असं मला वाटतं. मुलीने मात्र तिथूनच आजीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आजी सत्त्याऐंशी वर्षांच्या, आवाज खणखणीत. ‘अगं, ते सासूबाईंचं नव्हेच,’ त्या म्हणाल्या. ‘मामंजींचं ते. नाटकात स्त्रीपार्ट करायचे.’

घरात सांगितलं जायचं ते असं, की पणजोबा कंपनीत ऑर्गन वाजवायचे.

आपल्याकडे हा विषय निघाला की बालगंधर्वांपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. ते साहजिकही आहे. 8 जुलै 1921 ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. त्या रात्रीच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. त्यांची गंधर्व नाटक मंडळी कपडेपटावर पाण्यासारखा पैसा ओतत असे, आणि बालगंधर्वांचं नेसणं, गजरा माळणं बायका घरी जाऊन उचलत असत. गुजराती रंगभूमीवर जयशंकर ‘सुंदरी’ यांच्याबद्दलही हेच सांगतात. पण या दोघांच्या मागे गावोगाव फिरणाऱ्या कितीतरी लहान कंपन्या होत्या, आणि प्रत्येकीत कुणी ना कुणी मिसरूड काढून, पदर सावरून किटसनच्या बत्तीपुढे उभा राहत होताच. त्यांचे फोटो नाहीत. कपडे उरले असतील तर असे, चुकीच्या माणसाच्या नावावर.

ठिगळांचं लुगडं कसलं, ते मी विचारायच्या आधीच आजींनी सांगितलं. ‘ते दारुड्याच्या बायकोचं. सिंधूचं.’ ‘एकच प्याला’ 1919 मध्ये आलं. नाटककार राम गणेश गडकरी त्याच वर्षी प्रयोगाआधी गेले होते. सिंधूचं दारिद्र्य मागच्या रांगेला दिसायला हवं, म्हणून निळ्यावर लाल ठिगळ.

‘म्हणजे पणजोबा ड्रॅग करायचे?’ मुलगी म्हणाली. तिने मुंबईत ड्रॅगचे, म्हणजे बायकी वेष आणि रंग चढवून रंगमंचावर येणाऱ्या पुरुषांचे, कार्यक्रम पाहिले होते. काकांनी ‘अगं’ एवढंच म्हटलं. मला तिचा प्रश्न वावगा वाटला नाही, पण उत्तर सरळ ‘हो’ही नव्हतं. आजचा ड्रॅग कलाकार आपली कारागिरी लपवत नाही. पापणीपासून खांद्यापर्यंत सगळं रचलेलं आहे हे तुम्हाला दिसावं, यातच त्याची गंमत. पोलक्यातल्या गाद्यांचं उलट. त्या कुणाच्या ध्यानात येऊ नयेत, समोरच्या माणसाला घरंदाज बाईच दिसावी, म्हणून इतक्या नेटक्या टाचलेल्या. लुगड्याची ठिगळं मात्र मला तिच्या ड्रॅगच्या जास्त जवळची वाटली. तिथे शिंप्याने हात मोकळा सोडला होता.

आजी पुढे बोलत होत्या. 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला, तारामती झाल्या दुर्गा खोटे. बोलपटात बायकाच बायकांची कामं करू लागल्या, नाटकातही येऊ लागल्या होत्या. मामंजींची कंपनी मोडली आणि ते कापडदुकानात लागले. खपाचे विक्रेते ठरले म्हणे, आणि मला त्यात नवल वाटत नाही. आजही आपल्या साडीच्या दुकानांत बापई माणूसच खांद्यावर पदर टाकून, निऱ्या घालून दाखवतो आणि समोर बसलेल्या पाचपन्नास बायकांना त्यात काही वेगळं वाटत नाही.

‘मी लग्न होऊन आले तेव्हा मला नऊवारी धड नेसता येत नव्हती,’ आजी सांगत होत्या. ‘कासोटा सुटायचा. मामंजी भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि सासूबाईंना सांगायचे, तिला म्हणावं निऱ्या वर घे, टाच झाकली पाहिजे. न बघता सांगायचे. पावलांच्या आवाजावरून कळायचं त्यांना.’

इथपर्यंत आम्ही हसत होतो. मग मुलीने शालूचं विचारलं. तो तरी पणजीचा ना?

‘तिचाच. माहेरचा. लग्नात एकदा नेसली. मग कंपनीकडे पैसे नाहीत म्हणून मामंजी घेऊन गेले. परत आला तो रंग लागून. तिने पुन्हा अंगाला लावला नाही.’

पदराच्या खांद्यावर येणाऱ्या भागात मला मघाशी पांढुरका पट्टा दिसला होता. तो पुसट झाल्याची खूण असेल असं धरून मी लेहंग्याच्या हिशेबात तो भाग वगळायला काढला होता. आता भिंगाखाली धरला. तोच सफेदा, जरीच्या तारांमध्ये शिरलेला. स्त्रीपार्टाचं कौतुक मीही करते, त्या कलेपुढे हात जोडते. पण या घरात एका बाईच्या पेटीतला एकुलता एक शालू तिच्या नवऱ्याने बाई दिसण्यासाठी नेला, आणि ती बाई स्वतः बायकांच्या बाजूला बसून तो पाहत होती. नाटकाच्या इतिहासात हा हिशेब मांडलेला मी वाचलेला नाही.

लेहंगा रद्द झाला. मुलीनेच केला, मला काही बोलावं लागलं नाही. शालूला मागून रेशमी नेट दिली, घडीवर चिरत चाललेल्या रेषा टाचल्या, सफेदा जिथे जरीला सोडत होता तिथे मऊ कुंचल्याने काढला, बाकी राहू दिला. ओला हात लावला नाही, खऱ्या जरीला पाणी सोसत नाही. घडी मोडून नळीवर गुंडाळून दिला आणि डांबरगोळ्या थेट जरीवर ठेवू नका म्हणून बजावलं. पोलक्याचा बेत खाकी कागदावर उतरवून घेतला. मुलीसाठी खांदा साडेतीन इंच कमी केला, मुंढा आणि बाही तशीच ठेवली. मनगटाशी इतकी निमुळती बाही हल्ली कुणी बेतत नाही, आणि ती तिला शोभलीही.

जाताना काकांनी हळू आवाजात विचारलं, मूळ पोलक्यातल्या त्या गाद्या काढून टाकता येतील का? पाहुण्यांत कुणी ट्रंक उघडली तर. मी नाही म्हटलं. बिलावर लिहिलं: पोलकं एक, फक्त स्वच्छता, दुरुस्ती नाही.