तुम्ही विचारलंत म्हणून: गावठी गायीत एवढं काय आहे?

मी काय काम करते हे कळलं की घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत हमखास एक प्रश्न येतो. परवा लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनीही विचारला, "अगं, दोन लिटर दूध देणारी ती गावठी गाय. तिच्या डीएनएत एवढं काय शोधता तुम्ही?" पाचवा मजला आला, काकू उतरल्या आणि उत्तर राहून गेलं. ते आता सविस्तर देते.

मी गुरांच्या जनुकांचा अभ्यास करते. गायीच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. एका बाजूच्या संचात डीएनएची साधारण २७० कोटी अक्षरं. २००९ साली गायीचा हा सगळा मजकूर पहिल्यांदा प्रसिद्ध झाला, तो अमेरिकेतल्या डॉमिनेट नावाच्या हेरफर्ड गायीचा. हेरफर्ड ही मांसासाठी जोपासलेली जात. डॉमिनेटचा कळप पिढ्यान्‌पिढ्या नात्यातल्या नात्यात वाढवलेला होता आणि तिची निवड झाली ती त्याचमुळे. आईची प्रत आणि बापाची प्रत बऱ्याच ठिकाणी सारखी असली की अक्षरं जुळवणं सोपं जातं.

पण वाचणाऱ्याची ही सोय जनावराच्या जिवावर येऊ शकते. एका प्रतीत बिघाड असला तर दुसरी सांभाळून घेते. दोन्हींत तोच बिघाड आला की सांभाळायला कोणी उरत नाही. २००८ साली अमेरिकेत अँगस या मांसासाठीच्या जातीत वासरं मेलेली जन्मू लागली, पाठीचा कणा वाकडा आणि सांधे आखडलेले. तपास केल्यावर माग एका नामांकित वळूच्या वंशापर्यंत गेला. दुधाच्या होल्स्टीन जातीत १९६२ साली जन्मलेल्या चीफ नावाच्या वळूला सोळा हजार मुली झाल्या. त्याच्याकडून पसरलेल्या एका बिघाडामुळे जगभरात पाच लाखांच्या आसपास गायी गाभडल्या असाव्यात, असा अंदाज आहे. हे दोन्ही वळू दिसायला उत्तम होते. त्यांना निवडणाऱ्यांची चूक झाली असं मला वाटत नाही. चूक एकालाच इतकं वापरण्याची होती.

आता काकू, माझं काम. एखाद्या जातीत विविधता किती, याचं उत्तर लोकांना एका आकड्यात हवं असतं. मला तो आकडा पुरत नाही, कारण विविधता सगळ्या गुणसूत्रांवर सारखी पसरलेली नसते. बेल्जियन ब्लू ही मांसाची जात घ्या. तिच्या दुसऱ्या गुणसूत्रावर स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं एक जनुक बिघडलेलं आहे, म्हणून ती जनावरं इतकी पिळदार दिसतात. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तेवढंच निवडलं. त्या जनुकाच्या आसपासची अक्षरंही त्याच्याबरोबर ओढली गेली आणि तेवढा पट्टा सगळ्या जनावरांत एकसारखा होऊन बसला. तेविसाव्या गुणसूत्रावर रोगप्रतिकाराची जनुकं आहेत. तिथे असा पट्टा दिसला तर मला काळजी वाटते. २०२२ साली लम्पी आपल्या गोठ्यांत पसरला तेव्हा नवा रोग किती झपाट्याने येतो ते सगळ्यांनी पाहिलं. तो येतो तेव्हा कळपात निरनिराळ्या प्रती असाव्या लागतात. मागाहून त्या आणता येत नाहीत.

मोजण्यातही एक गोम आहे. गुरांचा डीएनए तपासायला सर्रास वापरली गेलेली चिप सगळा मजकूर वाचत नाही, त्यातल्या सुमारे ५४ हजार जागा तपासते. त्या जागा मुख्यतः युरोपीय जातींत फरक दिसला म्हणून निवडलेल्या. आपली वशिंडाची गाय वेगळ्या वंशाची, सिंधूच्या परिसरात वेगळी माणसाळवलेली. तिच्यातले फरक भलत्याच जागी आहेत. त्यामुळे या चिपवर ती उगाच गरीब दिसते. पूर्ण मजकूर वाचला की चित्र उलटतं: वशिंडाच्या गुरांत युरोपीय गुरांपेक्षा जास्त फरक सापडतात. अहवालातल्या त्या एका आकड्यावरून कुणी आपल्या गायीला कमी लेखलं की मला राग येतो.

ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत दिसणाऱ्या आपल्या लहान चणीच्या गायीची आता कोंकण कपिला म्हणून नोंद झाली आहे. पलीकडे घाटाला लागून डांगी. तिच्या कातडीवर तेलकट स्राव असतो, म्हणून भाताच्या चिखलणीत आणि मुसळधार पावसात ती टिकते. दुधासाठी संकरित गाय बांधणाऱ्या शेतकऱ्याला मी नावं ठेवणार नाही, त्याचं घर तिच्यावर चालतं. पण गावठी वळूच उरला नाही तर काय होतं, ते शहापूरकडच्या एका पाड्यावरच्या आजींना मी मातीत काडीने आकडे लिहून दाखवलं. शंभर गायी आणि एकच वळू असेल, तर प्रत्येक वासराचा अर्धा वाटा त्याच वळूकडून येतो, म्हणून जनुकांच्या हिशेबात तो कळप जेमतेम चार जनावरांचा. एका पिढीत विविधतेचा आठवा हिस्सा जातो. त्याच शंभर गायींना पाच वळू मिळाले, तर कळप एकोणीस जनावरांइतका. आजी म्हणाल्या, "म्हणजे गायी मोजून उपेग नाय, बाई." गोठवलेल्या रेतमात्रांचंही असंच. एका वळूच्या हजारो मात्रा जपण्यापेक्षा पंचवीस वळूंच्या शंभर-शंभर जपाव्यात.

रक्ताचे नमुने घेताना आम्ही शक्यतो नात्यातली जनावरं टाळतो. पाड्यावर वह्या नसतात, पण आजींना प्रत्येक कालवडीची आई आणि आईची आई तोंडपाठ. त्यांच्याकडे दोन खोंड होते, एक तांबडा, एक काळा. एकच ठेवायचा, दुसरा खच्ची करायचा, असं घरात ठरलं होतं. निकाल आले तेव्हा काळ्याचा वंश पाड्यातल्या बाकी गुरांपासून बराच दूरचा निघाला. मी फोन केला. दोन्ही ठेवले आहेत.

पावसाळ्यानंतर त्यांची वासरं पाहायला जायचं आहे. काकू, येणार असाल तर ठाण्याहून कसारा लोकलने आसनगावला उतरू, पुढे एसटी मिळते.