चहाच्या सुट्टीनंतरचा पहिला पीस

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत आम्ही तपासणीचा कॅमेरा बसवला होता. शॉटब्लास्टिंग झालेलं, म्हणजे बारीक छर्ऱ्यांच्या माऱ्यानं साफ केलेलं, पंपाचं केसिंग (बाहेरचं कवच) पट्ट्यावरून येतं, कॅमेरा फोटो काढतो, फोटो फोरजी सिमवरून मुंबईच्या क्लाऊडवर जातो. ब्लोहोल, म्हणजे ओतताना वायूमुळं राहिलेलं भोक, असलं तर तसं उत्तर येतं आणि पुढचा पुशर तो पीस बाजूला ढकलतो. कॅमेऱ्यापासून पुशरपर्यंत यायला पीसला साधारण एक सेकंद लागतो. उत्तर त्याच्या आत येत होतं. डेमोला मालक खूश.

मग सुपरवायझर मामांचा फोन. ‘‘सर, तुमचं क्लाऊड पण चहाला जातंय काय वो? सुट्टीनंतरचा पहिला पीस रोज चुकतोय.’’

गेलो तर मामांनी दोन केसिंगं खडूनं खुणा करून बाजूला ठेवली होती. एकाच्या फ्लँजजवळ करंगळीचं टोक जाईल एवढं भोक, तरी ते पुढं निघून गेलेलं. दुसरं एकदम चोख, ते रिजेक्शनच्या ट्रॉलीत. म्हणजे उत्तर बरोबरच होतं, पण उशिरा आलं आणि पहिल्याच्या वाट्याचा धक्का मागून येणाऱ्याला बसला.

आमच्या पोरांना फोटो तपासणाऱ्या एआय मॉडेलचा संशय. पण क्लाऊडचे लॉग सांगत होते की फोटो पोहोचल्यावर निकाल नेहमीच्याच वेळात लागतोय. वेळ जात होता वाटेत.

कोल्हापूर-मुंबई रस्त्यानं पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ४ मिलिसेकंदही नकोत. पिंग, म्हणजे प्रत्यक्ष जाऊन-येऊन लागलेला वेळ, मात्र ६०-७० मिलिसेकंद दाखवत होता. कारण मोबाइलचा डेटा टॉवरवरून सरळ इंटरनेटवर पडत नाही. तो आधी टनेलमधून, म्हणजे ऑपरेटरच्या बंद वाटेनं, त्याच्या पॅकेट गेटवेपर्यंत, इंटरनेटकडं उघडणाऱ्या दारापर्यंत, जातो आणि तो गेटवे कुठल्या शहरात आहे हे आपल्या हातात नसतं. रंकाळ्याला निघायचं आणि वाट पुण्यावरून, तसला प्रकार.

हा उशीर रोजचाच, तो हिशेबात धरला होता. सुट्टीनंतरचा वेगळा. काही सेकंद डेटा गेला नाही की नेटवर्क सिमच्या मोडेमला आयडल करतं, म्हणजे झोपवतं, बॅटरी आणि रेडिओची जागा वाचावी म्हणून. मोबाइलसाठी ते शहाणपणाचंच आहे. पण मग पहिल्या फोटोला आधी रेडिओची जोडणी नव्यानं मागावी लागते. त्यात मधल्या काळात सर्व्हरशी असलेलं कनेक्शनही तुटलेलं. पुन्हा टीसीपीची जुळणी (दोन्ही टोकांचा ‘ऐकू येतंय ना’), पुन्हा टीएलएसच्या, म्हणजे डेटा गुपित ठेवणाऱ्या कुलपाच्या, किल्ल्यांची देवाणघेवाण, आणि यातली प्रत्येक फेरी त्याच लांबच्या वाटेनं. सेकंद कधीच उलटून जातो.

त्या दिवसापुरता उपाय सोपा होता: दर काही सेकंदांनी एक छोटं पॅकेट पाठवत राहायचं, म्हणजे मोडेम झोपत नाही. मामांनी मुद्दाम पट्टा थांबवून, परत चालू करून पाहिलं. पहिला खराब पीस बरोबर ट्रॉलीत गेला.

मालक म्हणाले, ‘‘फाइव्हजी घेतलं की कटकट मिटली ना?’’ फाइव्हजी आपल्याकडं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं. रेडिओचा टप्पा त्यात झटपट होतो, पण गेटवे लांबच राहिला तर वाट तीच. डेटा बाहेर काढणारा भाग, यूपीएफ, कारखान्याजवळ आणता येतो आणि क्लाऊडचं काम तिथंच करता येतं, ही खरी गंमत. मोबाइल नेटवर्कच्या काठावर असं कॉम्प्युटिंग आणायचं काम युरोपच्या एटसी या मानक संस्थेनं २०१४ मध्येच हाती घेतलं होतं. पण एका पट्ट्यासाठी एवढा थाट कशाला?

आम्ही पॅनेलमध्येच बिनपंख्याचा छोटा कॉम्प्युटर बसवला. पंखा असता तर फाउंड्रीच्या काळ्या धुळीनं तो लगेच बसला असता. निर्णय आता तिथंच होतो. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता. तशी वेळ आली आणि नेट गेलं, तरी तपासणी अडायला नको.

‘‘मग मुंबईला भाडं कशाचं भरायचं?’’ मालकांचा रास्त प्रश्न. आता तिकडं फक्त रिजेक्ट पिसांचे फोटो आणि दिवसाची मोजणी जाते, त्या फोटोंवरच मॉडेल पुन्हा शिकवतो. बिल उतरलं. पुढची ऑर्डर भट्टीच्या तापमानाच्या नोंदीची आहे. ती क्लाऊडवरच ठेवणार, कारण नोंद दोन सेकंद उशिरा पोहोचली तरी तिथं कुणाचं काही अडत नाही.